दोन जीबी रॅम, बारा हजार पुस्तकं आणि ‘हलकी’ सिस्टिम

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, पुस्तकं बारा हजारांच्या आसपास. एका सभासदाने ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप दिला आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बसवून कॅटलॉग आणि देवघेव चालवायची आहे. बाहेरच्या जगाला काही दाखवायचं नाही, वाचनालयातले दोन-तीन कॉम्प्युटर जोडले की झालं. ‘सगळ्यात हलकी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून अल्पाइन लिनक्स टाकू का?’

नको. डेबियन लिनक्स टाका, पण त्यातला डेस्कटॉप (माउसने चालणारा चित्रांचा पडदा) न घेता. आता का ते सांगतो, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो आणि दर वेळी ‘हलकी’ या शब्दावरच गाडी अडते.

नुसतं सुरू करून ठेवलेलं, काहीच काम करत नसलेलं अल्पाइन माझ्या मशीनवर साधारण ५० एमबी रॅम खातं. डेस्कटॉपशिवायचं डेबियन १०० एमबीच्या आगेमागे. म्हणजे दुप्पट! असं म्हटलं की लोक घाबरतात. पण तुमच्याकडे २०४८ एमबी आहेत. फरक ५० एमबीचा, म्हणजे शंभरातले अडीच. आता वर बसणाऱ्या पाहुण्याकडे बघा. माहिती साठवणारं मारियाडीबी मुळातच १२८ एमबीचा बफर राखून ठेवतं आणि प्रत्यक्षात अडीचशेपर्यंत जातं. कोहाची पानं बनवणारा प्लॅक, त्याची प्रत्येक प्रक्रिया (वर्कर) दीडशे-दोनशे. शोधासाठी झेब्रा आणि त्याचा इंडेक्सर. वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या मेमकॅश्डला ६४ ची मर्यादा. पार्श्वभूमीतली कामं उरकणारे दोन वर्कर, आणि त्यांना निरोप पोचवायला रॅबिटएमक्यू नावाचा आणखी एक भिडू, तो एकटाच शंभराच्या घरात. माझ्या अनुभवात ही सगळी वरात सव्वा ते दीड जीबीपर्यंत जाते. नवरदेवाच्या घोड्याचं वजन मोजत बसण्यात अर्थ नाही, वऱ्हाड किती ते बघा.

म्हणून पहिला प्रश्न ‘कुठली सिस्टिम हलकी’ हा नसतो. ‘मला जो प्रोग्रॅम चालवायचा आहे त्याचं माहेर कुठलं’ हा असतो. कोहाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ साली लिहिलं गेलं. त्यांची जुनी प्रणाली सन २००० ओलांडणार नव्हती, म्हणून नवी हवी होती. जानेवारी २००० मध्ये ते वापरात आलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. आज कोहाची मंडळी तयार पॅकेजेस देतात ती डेबियन-उबुंटूच्या पद्धतीची. त्यांची रेपॉझिटरी (पॅकेजेसचं कोठार) जोडायची, एक पॅकेज मागायचं, आणि पर्ल या भाषेची शेकडो मॉड्यूल्स, अपाची वेबसर्व्हर, झेब्रा सगळं मागोमाग येतं. अल्पाइनवर असं तयार पॅकेज नाही.

‘मग हाताने बसवू’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून सांगतो. मी हा हट्ट एकदा केलेला आहे. संध्याकाळी सहाला बसलो. पहिलं मॉड्यूल कंपाइल होईना, कारण कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारा कंपाइलर नव्हता. तो टाकला. मग हेडर फाइल नाही. ती टाकली. मग एका मॉड्यूलच्या चाचण्या नापास, कारण त्याने जी-लिबसीचं (ती काय ते पुढे सांगतो) एक वागणं गृहीत धरलेलं. रात्री साडेअकराला मी जिथे होतो तिथे डेबियनवर माणूस दहा मिनिटांत पोचतो. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे कंपाइलर आणि हेडरांचा पसारा धरून ते ‘हलकं’ अल्पाइन तोवर डिस्कवर चांगलंच फुगलं होतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक लिनक्समध्ये सी भाषेची मूळ लायब्ररी जी-लिबसी असते. अल्पाइनने मसल नावाची छोटी, नेटकी लायब्ररी घेतली आहे, आणि रोजच्या आज्ञांसाठी बिझीबॉक्स, ज्यात डझनावारी आज्ञा एकाच छोट्या फाइलमध्ये कोंबलेल्या असतात. म्हणून तर त्याची कंटेनरसाठीची (प्रोग्रॅम वेगळा चालवायच्या डब्यासाठीची) प्रतिमा पाच-सात एमबीत मावते. पण जगातलं बरंच सॉफ्टवेअर जी-लिबसीवर वाढलेलं असतं. मसलमध्ये थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या समांतर धाग्याला) मिळणारी कामाची जागा, म्हणजे स्टॅक, मुळात लहान, डीएनएसचं (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचं) मोठं उत्तर टीसीपीवरून मागण्याची सोय तर २०२३ मधल्या १.२.४ आवृत्तीत आली. यात मसलची चूक नाही, ती मोजूनमापून केलेली निवड आहे. पण अशा ठिकाणी प्रोग्रॅम पडला की चूक कुणाची हे शोधणारे तुम्हीच.

अल्पाइनबद्दल माझं मत वाईट आहे असं समजू नका. कंटेनरमध्ये, एवढ्याशा भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड व्हीपीएन किंवा स्थिर वेबसाइट चालवायला, पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या फायरवॉलला मी तेच वापरतो. तिथेच एकदा तोंडावरही पडलो. अल्पाइनची एक ‘डिस्कलेस’ पद्धत आहे: सुरू होताना सगळं रॅममध्ये उतरतं आणि तिथूनच चालतं, डिस्कला हात लागत नाही. सुंदर कल्पना. फक्त, सेटिंग बदललं की ‘एलबीयू कमिट’ करून ते पेन ड्राइव्हवर उतरवायचं असतं. मी एका छोट्या संस्थेत नियम बदलले, चालतंय ना बघितलं, चहा घेतला आणि घरी आलो. तीन आठवड्यांनी लाइट गेले. परत आले तेव्हा ते खोकं तीन आठवड्यांपूर्वीचीच आठवण घेऊन उठलं. फोन मलाच आला, आणि चूकही माझीच होती. तुमच्या ग्रंथपालबाईंना असल्या फोनवर उभं करायचं नाही, हाही निवडीचा भाग आहे.

दुसरं एक कारण. अल्पाइनची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मुख्य भागाला दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, पण ‘कम्युनिटी’ या भागातल्या पॅकेजेसना पुढची आवृत्ती येईपर्यंतच. म्हणजे नीट चालवायचं तर वर्षातून दोनदा मशीनला हात लावणं आलं. डेबियनची एक आवृत्ती तीन वर्षं नियमित आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (दीर्घ मुदतीच्या दुरुस्त्या देणाऱ्या) मंडळींकडून, अशी पाच वर्षं सांभाळली जाते. जिथे संगणक सांभाळणारा माणूस म्हणजे दर रविवारी येणारा कुणाचा तरी भाचा असतो, तिथे हा हिशेब रॅमच्या हिशेबापेक्षा मोठा.

आता बाकीचे उमेदवार. अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स चांगले आहेत, पण तुमच्या मशीनवर त्यांची आवृत्ती ९ सुरूच होणार नाही. रेड हॅट ९ आणि त्यावर बेतलेल्या सगळ्यांनी प्रोसेसरची किमान पायरी वर नेली. त्यात एसएसई ४.२ हा प्रोसेसरमधल्या आज्ञांचा संच लागतो आणि तो कोअर टू ड्युओमध्ये नसतो. इन्स्टॉलर सुरुवातीलाच मान टाकतो. लोक मग पेन ड्राइव्ह खराब आहे म्हणून तो तीनतीनदा नव्याने बनवतात. डेबियनची ६४ बिट आवृत्ती अजून जुन्या पायरीवरच उभी आहे, त्यामुळे तुमचं मशीन चालेल. कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे बरं का. ‘जुनं आहे म्हणून ३२ बिट’ असं करू नका. डेबियन १३ पासून ३२ बिट इंटेलसाठी इन्स्टॉलरही मिळत नाही.

उबुंटू सर्व्हरही कोहाला चालतं. पण स्नॅप ही पॅकेजांची वेगळी पद्धत आणि क्लाउडसाठीचा सरंजाम बरोबर घेऊन येतं, आणि दोन जीबीत मी तो काढत बसण्यापेक्षा आधीच नसलेलं बरं समजतो. तुमच्याकडे उबुंटू येणारा माणूस असेल तर मात्र खुशाल उबुंटू घ्या. माहितीतला माणूस शंभर एमबीपेक्षा मोलाचा. लिनक्सबाहेरच्या फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या सिस्टिम मला मनापासून आवडतात, पण या कामासाठी नाहीत. पपीसारख्या डेस्कटॉपच्या हलक्या सिस्टिम सर्व्हरला घेऊ नयेत.

आर्चसारख्या सतत ताज्या राहणाऱ्या सिस्टिमबद्दलही हमखास विचारलं जातं. मार्च २०२४ मधली गोष्ट आठवा. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारे अभियंते डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही मोजमापं करत होते. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच तापतोय, हे त्यांना खटकलं. खणत गेले तेव्हा एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम लपवलेलं चोरदार सापडलं. ताजा माल पहिल्यांदा घेणाऱ्या शाखांमध्ये ते पोचलं होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र ५.४.१ होती, तिला धक्का लागला नाही. डेबियनला लोक ‘शिळं’ म्हणून हिणवतात. सर्व्हरला मी शिळंच वाढतो.

आणि मागे कोण आहे तेही बघावं. सेंटओएस ८ (रेड हॅटची फुकट मिळणारी नक्कल) ज्यांनी २०२९ पर्यंतची निश्चिंती म्हणून बसवली, त्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळलं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. त्या वर्षी मी सात सर्व्हर हलवले, पैकी दोन दिवाळीत. डेबियन १९९३ पासून चालू आहे आणि ते कुठल्या एका कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नाही.

आता कुठलं डेबियन? १२ की १३, हे कोहाच्या ज्या आवृत्तीवर जाणार तिच्या यादीत काय दिलं आहे ते बघून ठरवा. १२ वर कोहा उत्तम चालतं आणि डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत एलटीएस आहे. त्याचं टोपणनाव बुकवर्म, म्हणजे पुस्तकी किडा. वाचनालयाला याहून शोभेल असं नाव कुठून आणणार! १३ घेतलंत तर एक लक्षात ठेवा: तिथे तात्पुरत्या फाइलींचा ‘टीएमपी’ फोल्डर मुळातच रॅममध्ये असतो आणि निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतो. दोन जीबीच्या मशीनवर हे परवडत नाही. ते ‘टीएमपी डॉट माउंट’ बंद करून परत डिस्कवर न्या.

बसवताना सगळी मेख एका पडद्यावर आहे. नेटइन्स्ट नावाची (बाकीचं नेटवरून आणणारी) इन्स्टॉलरची प्रतिमा घ्या, पेन ड्राइव्हवर चढवा, भाषा-टाइमझोन वगैरे पार करत या. शेवटाकडे ‘सॉफ्टवेअर सिलेक्शन’ असा निळा चौकोन येतो. तिथे ‘डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘ग्नोम’ यांच्यावर आधीच फुली असते. एंटर दाबायची घाई करू नका. स्पेसबार दाबून त्या दोन्ही फुल्या काढा, खाली ‘एसएसएच सर्व्हर’वर फुली करा, ‘स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज’ राहू द्या. ‘डेबियन जड आहे’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी याच पडद्यावर एंटर दाबलेला असतो. त्याआधी रूटचा पासवर्ड विचारतात तो कोरा सोडा, म्हणजे तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, मिळतात. लोकेल (भाषा-अक्षरांचं सेटिंग) यूटीएफ-८ चंच ठेवा, मराठी नावं आहेत. आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नक्की द्या, दोन जीबी तरी.

सुरक्षा दुरुस्त्या आपोआप याव्यात म्हणून ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ चालू करा. रविवारचा भाचा परीक्षेच्या महिन्यात येत नाही.

कोहा बसवताना रॅम वाचवायच्या तीन जागा आहेत. शोधासाठी झेब्राच ठेवा. इलॅस्टिकसर्च जावावर चालतं, त्याला तुमचं अख्खं मशीन पुरणार नाही. ‘जॉब्सनोटिफिकेशनमेथड’ हे सेटिंग ‘पोलिंग’वर नेलं की रॅबिटएमक्यू बंद ठेवता येतं, शंभर एमबी तिथेच सुटतात (म्हणजे दोन अल्पाइन!). आणि प्लॅकचे वर्कर दोनच असू द्या, कुणी चार सांगितले तरी वाढवू नका. तिघांच्या देवघेवीला दोन रग्गड होतात.

मराठी पुस्तकांसाठी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायची, नंतर केली तर सगळी अनुक्रमणी पुन्हा बांधावी लागते. झेब्राची मूळ पद्धत रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून आहे. देवनागरीसाठी ती आयसीयू या इतर लिप्याही समजणाऱ्या पद्धतीवर न्या. मग पाच-दहा पुस्तकं टाकून शोधून बघा. जोडाक्षरं आणि अनुस्वार असलेली नावं मुद्दाम निवडा. दहा हजार नोंदी झाल्यावर ‘ज्ञानेश्वरी’ सापडत नाही असं कळण्यापेक्षा हे बरं.

आता जे खरंच बिघडतं त्याकडे येतो, कारण ते सिस्टिममुळे क्वचितच बिघडतं. तुमची ३२० जीबीची हार्ड डिस्क दहा-बारा वर्षांची तरी असेल. डिस्कची तब्येत सांगणारं ‘स्मार्टमॉनटूल्स’ टाका आणि अहवालात ‘रिअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी बघा. शेवटचा आकडा शून्य असेल तर ठीक. नसेल तर त्या डिस्कवर सभासदांची एक ओळही ठेवू नका. खरं तर साधी छोटी साटा एसएसडी घ्याच. तिने जो वेग मिळेल तो कुठलीही ‘हलकी’ सिस्टिम देणार नाही. उरलेल्या पैशांत जुन्या बाजारातून रॅमची एक कांडी. बोर्ड डीडीआर २ चा आहे की ३ चा ते झाकण उघडून बघून जा.

दुसरं, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२. जुन्या मशीनमध्ये तो मेलेलाच असतो, आणि बदलायला पानपट्टीच्या बिलाएवढेच पैसे लागतात. एका वाचनालयात तो बदलायचा राहिला होता, वेळ आपोआप जुळवणारी सेवाही कुणीतरी बंद केलेली. सकाळी लाइट आले, मशीन उठलं, तारीख २००९. बाईंनी नेहमीप्रमाणे सकाळची देवघेव केली. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं, तारीख सुधारली, आणि थकीत यादीत सकाळीच नेलेली पुस्तकं चौदा वर्षं थकलेली! एका आजोबांनी ती यादी बघून विचारलं, दंड हप्त्याने चालेल का.

तिसरं, वीज. छोटा यूपीएस घ्या, आणि बायॉसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू करा, म्हणजे लाइट आल्यावर मशीन स्वतः उठेल. जुना डेस्कटॉप काही न करता साठेक वॉट खातो असं धरलं तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ४३ युनिट होतात. वाचनालय सकाळ-संध्याकाळ मिळून सहा-सात तासच उघडं असतं, तर रात्री बंद करायला काहीच हरकत नाही. ‘सर्व्हर बंद करायचा नसतो’ हा नियम कुणी केला ठाऊक नाही. फक्त कोहाची रात्रीची ठरलेली कामं, म्हणजे थकीत नोंदी, बॅकअप, यांच्या वेळा मशीन चालू असेल तेव्हाच्या करून घ्या.

बॅकअपवरून आठवलं. कोहा रोजचा बॅकअप आपणहून काढतं, पण ठेवतं त्याच डिस्कवर, ‘वार’मधल्या ‘स्पूल’ फोल्डरात. डिस्क गेली की दोन्ही गेलं. दोन पेन ड्राइव्ह घ्या, एक कपाटात, एक सचिवांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा त्यातला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कागदाची दाखल नोंदवही पहिलं वर्षभर तरी बंद करू नका, ग्रंथालय निरीक्षक ती मागतातच.

सगळं बसलं की आठवडाभर, गर्दीच्या वेळी, ‘फ्री’ ही आज्ञा देऊन आकडे लिहून ठेवा. तिथे ‘फ्री’ नावाच्याच रकान्यात शंभरच्या खालचा आकडा दिसेल, तो बघून दचकू नका. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या नकला ठेवायला वापरतं आणि गरज लागली की लगेच सोडून देतं. बघायचा तो शेवटचा रकाना, ‘अव्हेलेबल’. तो तीनशेच्या वर राहिला तर रॅम विकत घेण्याची घाई नको. दीडशेकडे उतरायला लागला आणि स्वॅप सारखा हलताना दिसला, तर प्लॅकचा एक वर्कर कमी करून पुन्हा आठवडाभर बघा, आणि मग आकडे घेऊन रॅमच्या दुकानात जा.